दिमापूर पडले असते तर?

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवतो. बँकेतली नोकरी सांभाळून जमेल तेवढा. यंदा दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण चालू असताना बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, १९४४ साली जपानी सैन्य आसामात घुसले असते, तर आपल्याला स्वातंत्र्य तीन वर्षे आधी मिळाले असते ना?" वर्गात पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. महाविद्यालयात असताना माझेही मत तेच होते. त्या दिवशी तास संपला आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आता या स्मरणिकेच्या निमित्ताने पूर्ण करीत आहे.

"असे झाले असते तर" हा प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावे लागते. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही एकेक नोंद तपासतो, सगळी वही बदलत नाही. इतिहासातही एकच नोंद बदलावी आणि बाकीचे जसे होते तसे ठेवून पुढे काय होते ते पाहावे.

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सेनेचे सेनापती मुतागुची यांनी तीन डिव्हिजन चिंदविन नदीपार काढल्या. दोन इंफाळकडे वळल्या. तिसरी, म्हणजे जनरल सातो यांची एकतिसावी डिव्हिजन, डोंगरांतून कोहिमाकडे निघाली. सैनिकांजवळ सुमारे तीन आठवड्यांचे अन्न होते. त्यानंतर शत्रूची कोठारे लुटून खायचे, असा बेत होता. मांस चालत चालत सोबत येईल म्हणून गुरांचे कळप घेतले होते. त्यांतली बरीच गुरे नदीत आणि डोंगरात गेली. तीन आठवड्यांच्या कामाला तीनच आठवड्यांची शिधासामग्री घेऊन निघणे, आणि तेही पावसाळा तोंडावर असताना, याला धाडस म्हणावे की जुगार?

वाटेत सांगशाक येथे त्यांना अडथळा आला. तेथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाण्याची टंचाई, काटेरी तारेचा पत्ता नाही, अशा उघड्या टेकडीवर ही ब्रिगेड २६ मार्चपर्यंत लढली आणि मग माघारी आली. जपान्यांचा जवळजवळ आठवडा गेला. आपल्या शालेय पुस्तकात सांगशाकचे नाव मला कधी दिसले नाही. त्या आठवड्यात इकडे विमानांनी अराकानातून पाचवी भारतीय डिव्हिजन आणली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते.

आता बदलायची नोंद. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सातो कोहिमाला पोहोचले. तेथे लढणारे शिपाई दीड हजारांच्या आसपास होते. कोहिमापासून ४६ मैलांवर दिमापूर. तेथे रेल्वे होती आणि लांबीला ११ मैल व रुंदीला एक मैल पसरलेली कोठारे होती. राखणीला मात्र पुरेसे लढाऊ सैन्य नव्हते. सातो यांनी थोडे सैन्य कोहिमाभोवती ठेवून बाकीचे दिमापूरवर नेले असते तर? मुतागुचींनी तसा हुकूम काढलाही होता, पण त्यांचे वरिष्ठ कावाबे यांनी तो रद्द केला. सातो कोहिमालाच धडका देत बसले. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका बाजूला एक सैन्य आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, इतक्या जवळून लढाई झाली. ब्रिटिश सेनापती स्लिम यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे की, सातो यांच्या मुख्यालयावर बाँब टाकण्याचा बेत आपणच थांबवला, कारण हा माणूस जिवंत राहण्यातच आपला फायदा होता!

समजा, दिमापूर पडले. जपान्यांना अन्न मिळाले असते, दारूगोळाही मिळाला असता. आसामची रेल्वे तुटली असती. चीनला रसद नेणाऱ्या विमानतळांचा पुरवठा तिच्यावर होता, म्हणजे तेथेही हाहाकार उडाला असता. इंफाळच्या दीड लाख लोकांना विमानांवर किती दिवस जगवता आले असते, हाही प्रश्न उभा राहिला असता. इथपर्यंत मी खात्रीने जाईन. पण दिल्ली? आकाशात मित्रराष्ट्रांची विमाने, मागे शेकडो मैल डोंगर, वरून आसामचा पाऊस. अशा स्थितीत दमलेली एक डिव्हिजन ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून गंगेच्या खोऱ्यात उतरली असती, असे मला वाटत नाही. प्रत्यक्षात रसद न मिळाल्याने सातो यांनी मे महिन्याच्या अखेरीस हुकूम मोडून माघार घेतली. २२ जून रोजी कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. मोहिमेत उतरलेल्या सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ३० हजारांच्या आसपास मेले, त्यांतले बहुतेक भूक आणि रोगराईने.

आणि समजा, तरीही जपानी आलेच असते, तर काय आले असते? येथे कल्पनेची गरजच नाही. अंदमान १९४२ पासून त्यांच्या ताब्यात होते. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्यानंतर महिन्याभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, जपान्यांनी होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात डॉ. दिवाणसिंग यांचा त्यांच्या कैदेत छळ होऊन मृत्यू झाला. ब्रह्मदेशाला त्यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये स्वातंत्र्य 'दिले', आणि मार्च १९४५ मध्ये त्याच ब्रह्मी सैन्याने आँग सान यांच्या नेतृत्वाखाली जपान्यांवर बंदुका रोखल्या. दिलेले स्वातंत्र्य कसले होते, हे त्यांना दीड वर्षात कळले होते.

आझाद हिंद सैनिकांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला झेंडा लावला, उपासमार सोसली, मेलेही. पण त्यांचा बेत ज्यांच्या खांद्यावर उभा होता, ते आपला हेतू घेऊन आले होते.

"मग ते हरले हे बरे झाले?" असे विद्यार्थिनी विचारणारच. या प्रश्नाशी मी अडखळतो, कारण त्या पराभवाचाही उपयोग झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि सगळा देश पेटला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटकाही होती. दिमापूर पडले असते तर हा खटला झाला असता का? १९४६ ची संविधान सभा तशीच भरली असती का, आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीच्या अध्यक्षपदी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले असते का? एक नोंद बदलून येथवर आलो की पुढची पाने वाचता येत नाहीत, एवढे मात्र मी वर्गात सांगणार आहे.

सांगशाक नकाशात कुठे आहे, ते पुढच्या रविवारी फळ्यावर काढून दाखवीन.