फळा, पडदा आणि शिक्षक

शाळेत नवे यंत्र येते त्या दिवशी नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात, पाहुण्यांची भाषणे होतात. वर्षभराने ते यंत्र काय करीत आहे, हे पाहावयास मात्र सहसा कोणी येत नाही. पुष्कळदा त्यावर कापड घातलेले असते आणि शिक्षक खडू घेऊन फळ्यापाशी उभा असतो. याचा दोष शिक्षकाच्या आळसाला देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. यंत्र शाळेला देता येते. ते वापरण्याची दृष्टी देता येत नाही. ती शिक्षकाने स्वतः कमवावी लागते, आणि त्यासाठी त्याला सवड व सोबत लागते. बुऱ्हाणपूरसारख्या गावी या प्रश्नाचा विचार करताना मध्य प्रदेशातील दोन जुन्या प्रयोगांची आठवण उपयोगी पडेल.

पहिला प्रयोग उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यांत मध्य प्रदेशही होता. सकाळी शाळेतील मुलांसाठी व सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम असत. ज्या खेड्यांत पुस्तकही दुर्मीळ, तेथे मुलांनी चालते-बोलते चित्र पाहिले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पडदा बोलतो, ऐकत नाही. मागच्या रांगेतील मुलाला काय समजले नाही, हे त्याला कळत नाही. हजारो मुलांना तो एकच गोष्ट एकाच गतीने सांगतो. कार्यक्रम संपल्यावर मुलाला त्याची शंका विचारण्याचे धैर्य देणारा मनुष्य तेथे असावा लागतो, आणि तो मनुष्य म्हणजे शिक्षक.

दुसरा प्रयोग याच्या अगदी उलट टोकाचा. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, ‘किशोर भारती’ आणि रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याची नवी रीत सुरू केली. १९७८ मध्ये ती जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेली. १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने ती पुढे नेली. येथील साधने अगदी साधी होती: स्वस्त भिंगे, परीक्षानळ्या आणि गावात सहज मिळणाऱ्या वस्तू. मुले घोकंपट्टी न करता प्रयोग करीत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे.

या प्रयोगाचे खरे बळ मात्र साधनांत नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीतील शिबिरांत शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करीत. विद्यापीठांतील प्राध्यापक व शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसत. पुढे दर महिन्याला शिक्षक एकत्र जमत. वर्गात काय अडले, कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता नवा प्रश्न विचारला, याची मोकळी चर्चा होई. अडचण सांगणे हा तेथे कमीपणा मानला जात नसे. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तथापि शिक्षकाची वाढ कशी होते, याचा धडा तो मागे ठेवून गेला.

आजची साधने या दोहोंहून निराळी आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्या चौकोनावर मोबाइल धरताच पाठाशी निगडित चित्रफीत वा प्रश्नावली उघडते. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले आणि त्यांनी दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा उपाय एका छोट्या गावातील शिक्षकाला स्वतःच्या वर्गाची गरज पाहून सुचला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावर त्यासाठी अभ्यासक्रमही मिळतात. सोय उत्तम आहे. परंतु चित्रफीत एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे हजेरीपट भरावा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, असे झाले तर तास भरतात, शिक्षक मात्र होता तेथेच राहतो.

बुऱ्हाणपुरातीलच एक पाठ घेऊन पाहावा. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारांवर मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यांतून, कुंड्यांच्या मालिकेमार्गे, कोणत्याही पंपाविना शहराकडे आणण्याची ही व्यवस्था. बोगद्याचा उतार डोळ्यांना दिसत नाही. तो पडद्यावरील छेदचित्राने चांगला दाखविता येतो. उलट ओल्या दगडाचा गारवा आणि भिंतींवर साचलेले चुन्याचे थर पडद्यावर कळत नाहीत. त्यासाठी मुलांना तेथेच न्यावे लागते. आधी काय दाखवावे, कोणता प्रश्न विचारून थांबावे, घरी मराठी, हिंदी वा उर्दू बोलणाऱ्या मुलांना ‘झिरपणे’ हा शब्द कसा समजावावा, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ते ठरविताना शिक्षकाला भूगोल, इतिहास व रसायन पुन्हा वाचावे लागते. हीच त्याची व्यावसायिक वाढ.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत धडे मोबाइलवर आले. पण ज्या घरी एकच मोबाइल, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरचे मूल धड्याबाहेर राहिले. यंत्राला असे मूल दिसत नाही. हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला दिसते.

म्हणून नवा पडदा घेण्याबरोबरच प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास शिक्षकांसाठी राखून ठेवावा. त्या तासाला परिपत्रके वाचू नयेत. एकाने आपला पाठ मांडावा, इतरांनी प्रश्न विचारावेत, आणि कोणत्या मुलाला तो पोहोचला नाही याचा शोध सर्वांनी मिळून घ्यावा. या तासाला पैसा लागत नाही. तो मिळाला तर पडद्यावरचे कापड आपोआप निघेल. आणि एखाद्या शाळेला पडदा मिळालाच नाही, तरी तेथील मुलांचे शिकणे अडणार नाही.