मुनियेसाठी आधी गवत

यवतमाळात मोकळ्या प्लॉटवर, शेताच्या धुऱ्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर एकमेकांना खेटून बसलेले इवलेसे पक्षी आपण रोज पाहतो आणि ‘चिमण्या’ म्हणून पुढे जातो. त्यांत पुष्कळदा मुनिया असतात. काही पुस्तकांत त्यांना मनोली म्हटले आहे. या देखण्या पक्ष्याबद्दलचे समज मात्र बरेच चुकीचे आहेत.

गैरसमज : ही चिमणीची पिल्ले आहेत.
चिमणी साधारण १५ सेंटिमीटरची, मुनिया जेमतेम १० ते ११. आपल्या कोरड्या भागात सहज दिसते ती पांढऱ्या कंठाची मुनिया : वरून मातकट तपकिरी, पोटाकडून पांढुरकी, शेपटी काळी आणि टोकदार, चोच जाड व रुपेरी करडी. तिच्यात नर-मादी सारखेच दिसतात. ठिपकेदार मुनियेच्या पोटावर खवल्यांसारखी काळी-पांढरी नक्षी असते. पण तिच्या पिल्लांवर ती नसते. पिल्ले नुसती तपकिरी असल्यामुळे अनेकांना वेगळाच पक्षी वाटतात. लाल मुनियेचा नर विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्याच्या सुमारास, लालभडक होतो आणि अंगभर पांढरे ठिपके मिरवतो. विणीचा काळ सरला की तोही मादीसारखा फिका पडतो.

गैरसमज : फिंच म्हणजे दुकानातला पिंजऱ्यातला पक्षी.
दुकानातली झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाची. मुनिया तिच्याच कुळातली, पण इथली रानची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिला पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-पिवळ्या रंगाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मुनिया अनेकदा रंगवलेल्या असतात. अशी विक्री दिसली तर दया येऊनही विकत घेऊ नका. त्या पैशांनी पुढचे जाळे लागते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गैरसमज : मुनिया पाहायला टिपेश्वर अभयारण्यात जावे लागते.
टिपेश्वर जरूर पाहावे, पण मुनियेला दाट सागवानापेक्षा गवत, काटेरी झुडपे आणि शेती असा उघडा मुलूख मानवतो.

गैरसमज : दाणे टाकले की मुनिया येते.
सगळ्यांत मोठा घोटाळा इथे होतो. अंगणात तांदूळ टाकला तर कबुतरे आणि चिमण्या येतील. मुनियेचे मुख्य अन्न गवताचे बारीक बी. ती गवताच्या कणसावर लटकून ते खाते, नाहीतर खाली पडलेले वेचते. म्हणून अंगणाचा एक कोपरा, धुऱ्याचा एक पट्टा न कापता ठेवा आणि गवताला बी धरू द्या. धुऱ्यावर तणनाशक फवारले की तिचे अन्नही गेले आणि घरटे विणायचे सामानही. गवत असेल तर जोडीला राळा किंवा बाजरी थोडी थोडी ठेवायला हरकत नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि सुके बी खाणाऱ्या पक्ष्याला पाणी रोज लागते. उथळ परळात बोटभर पाणी पुरे. ते रोज बदला आणि परळ मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवा. ज्वारी-धानाच्या कणसांवरही थवे उतरतात हे खरे आहे, पण धुरा साफ केल्याने पीक वाचते असे मानू नका. उलट रानचे बी संपले की शेताचाच आधार उरतो.

गैरसमज : चिमणीची लाकडी पेटी टांगली की मुनिया राहायला येते.
मुनिया झुडपात किंवा वेलीत गवताचा गोळा रचते आणि बाजूने दार ठेवते. पांढऱ्या कंठाची मुनिया कधीकधी सुगरणीचे जुने घरटेही वापरते. त्यामुळे तिला पेटीपेक्षा बोर-बाभळीचे एखादे झुडूप उपयोगी. तिचे घरटे सुगरणीसारखे रेखीव नसते, अडकलेल्या काडीकचऱ्यासारखे दिसते, आणि साफसफाईत तेच आधी खाली येते. पांढऱ्या कंठाच्या मुनियेची वीण हिवाळ्यातही चालते आणि घरट्यात चार ते आठ पांढरी अंडी असू शकतात. तेव्हा कुंपण छाटण्याआधी झुडपात गवताचा गोळा आहे का ते पाहा, आणि असला तर पिल्ले उडून जाईपर्यंत कात्री बाजूला ठेवा.