लाल दिवा पेटतो, पण फ्लॉपी वाचत नाही

मागच्या भागात आपण टेबलावरचा हा संगणक जोडून पूर्ण केला. तो तेव्हा चालू झाला, डॉस आलं, मी खूश झालो, आणि शेवटी उगाच म्हणून गेलो की आता फ्लॉपी ड्राइव्ह लावायचा, दहा मिनिटांचं काम आहे. त्या दहा मिनिटांना सात आठवडे लागले. आजचा भाग त्या सात आठवड्यांचा.

ज्यांनी मागचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आयबीएमने १९८३ साली पीसी एक्सटी बाजारात आणला, त्याची ही प्रतिकृती. सर्गेई किसेल्योव्ह यांनी मायक्रो ८०८८ नावाच्या बोर्डाचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यावरून बोर्ड करून घेतला, सुटे भाग मागवले आणि भिलाईतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून डाग दिले. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आहे. म्हणजे यंत्र नवं, पण स्वभाव जुना. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र खरा, सव्वापाच इंची, ३६० केबीचा, रायपूरच्या भंगारातून आणलेला.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. माझे वडील १९५७ साली नागपूरहून भिलाईला आले. सोव्हिएत मदतीने कारखाना उभा राहत होता. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं, तेव्हा बाबा गर्दीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. आमच्या शेजारच्या काकांच्या ऑफिसात जिस्ट कार्ड बसवलेला एक्सटी होता. १९९३ साली काकांनी संध्याकाळी थांबून ते सगळं मराठीत टाइप केलं आणि सहा फ्लॉप्या बाबांच्या हातात दिल्या. हस्तलिखित एका पावसाळ्यात गळक्या माळ्यावर गेलं. मी तेव्हा सिग्नल्समध्ये, पोस्टिंगवर, दूर. बाबा गेले, काका गेले. सहा फ्लॉप्या आईच्या गोदरेजच्या कपाटात राहिल्या.

तर पहिली चूक. ती माझी, आणि फौजेत तीस वर्षं फॉल्ट शोधण्यात घालवलेल्या माणसाला न शोभणारी. ड्राइव्ह जोडला, दिवा लागला, आणि मी उतावळेपणाने बाबांची एक नंबरची फ्लॉपी आत सरकवली. खरखर आवाज आला. पडद्यावर ‘जनरल फेल्युअर’. पुन्हा, पुन्हा. चौथ्यांदा फ्लॉपी बाहेर काढली तर खिडकीतून काळ्या चकतीवर एक चकचकीत गोल ओरखडा दिसला. चकतीवर बुरशी होती, ती हेडला चिकटली आणि हेडने लेप खरवडला. फ्लॉपीवरचा लेप म्हणजे लोहाचं ऑक्साइड, साध्या भाषेत गंज. गंजाच्या गावात वाढलेल्या मला तो खरवडलेला पाहून पोटात गोळा आला.

त्या दिवशी ड्राइव्ह बंद केला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. सिग्नल्समध्ये टेलिफोनची लाइन मेली की माणूस एका टोकापासून चालत सुटत नाही. मध्यावर जाऊन तपासतो, कुठला अर्धा भाग शाबूत आहे ते ठरवतो, मग उरलेल्याचा अर्धा. इथे तीन तुकडे आहेत: संगणक आणि त्याचं कंट्रोलर कार्ड, केबलसकट ड्राइव्ह, आणि फ्लॉपी. यातलं संगणक आणि ड्राइव्ह बदलून मिळतात. फ्लॉपी मिळत नाही. म्हणून किमती फ्लॉपी सगळ्यात शेवटी, बाकी सगळं सिद्ध झाल्यावर. तोवर चाचणीला रद्दीतल्या फ्लॉप्या.

पहिला तुकडा तपासायला सोपी युक्ती आहे. गोटेक नावाची छोटी डबी मिळते. ती आतून पेन ड्राइव्ह वाचते आणि बाहेरून संगणकाला फ्लॉपी ड्राइव्ह असल्याचं भासवते. तिच्याने जुनी फ्लॉपी वाचता येणार नाही, पण खऱ्या ड्राइव्हच्या जागी ती लावली आणि डॉसने तिच्यावरची फाइल दाखवली, तर कंट्रोलर आणि केबल ठीक. माझ्याकडे पहिल्यांदा तिनेही काम केलं नाही. म्हणजे दोष अलीकडे होता, आणि मी विनाकारण ड्राइव्हला शिव्या घालत होतो.

दोष केबलमध्ये निघाला. फ्लॉपीची पट्टीसारखी केबल ३४ तारांची. तिच्या एका टोकाजवळ १० ते १६ या सात तारा कापून उलट्या फिरवलेल्या असतात. पीसीवर दोन्ही ड्राइव्हचं जंपर एकाच जागी, दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं असतं. पिळाच्या पलीकडे लागतो तो ए, पिळाच्या अलीकडे तो बी. आता गंमत पाहा: काही कंपन्या ड्राइव्हचे क्रमांक शून्यापासून मोजतात, काही एकपासून. त्यामुळे एका ड्राइव्हवर जे डीएस१, ते दुसऱ्यावर डीएस२. जागा तीच, नाव वेगळं. मी छापील अक्षरांवर विश्वास ठेवला, जागा मोजली नाही. शिवाय माझी केबल सरळ होती, पीळ नसलेली. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राची.

अजून एक, हे लक्षात ठेवा. संगणक चालू केल्याबरोबर ड्राइव्हचा दिवा लागला आणि विझलाच नाही, तर केबलचं टोक उलटं बसलंय. यात सहसा काही जळत नाही. बंद करा, लाल काठ एक नंबरच्या पिनकडे आणा. पण वीजपुरवठ्याची चार पिनांची जोडणी उलटी जबरदस्तीने बसवाल तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातील, आणि मग दिवा पुन्हा लागायचा नाही. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या. मीटर लावायचा तो मोटर फिरत असताना. रिकाम्या पुरवठ्यावर आकडे नेहमीच छान दिसतात. भार आल्यावर ५ व्होल्टची तार पावणेपाचच्या खाली उतरता कामा नये.

केबल बदलली, गोटेक चालली, मग खरा ड्राइव्ह. तो घुर्र करायचा आणि ‘सीक एरर’ द्यायचा. झाकण काढून पाहिलं. हेड ज्या दोन दांड्यांवर पुढेमागे सरकतं, त्यांवरचं ग्रीस तीस-पस्तीस वर्षांत वाळून मेणासारखं झालं होतं, त्यात आमच्याकडची बारीक लालसर धूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसून काढलं, पातळ तेलाचा एक थेंब बोटाने पसरवला. गंज सोडवायचे फवारे इथे मारू नका. ते उडतात आणि हेडवर बसतात. हेड पहिल्या जागेवर आलं की प्रकाशाचा एक छोटा संवेदक ते ओळखतो, त्यावरचीही धूळ काढली. हेड स्वच्छ करताना वरचं हेड उचलून धरायचा मोह होतो. अगदी थोडं उचला. त्याची स्प्रिंगची पट्टी वाकली तर ड्राइव्ह गेला.

मग वेग. ३६० केबीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो. तळाच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं असतात, एक ५० हर्ट्झसाठी, एक ६० साठी. आपल्याकडे ५० चं पाहायचं. ट्यूबलाइटखाली चाक फिरलं की वेग बरोबर असताना रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. मी अर्धा तास डोळे ताणून बसलो, रेघा काही थांबेनात. मग ध्यानात आलं की घरात एकही जुनी ट्यूबलाइट उरलेली नाही, सगळे एलईडी. चोकवाली ट्यूब विजेच्या तालावर लुकलुकते, म्हणून रेघा थांबतात. चांगला एलईडी तसा लुकलुकत नाही. शेजारच्या गॅरेजमध्ये चोकची ट्यूब मिळाली, तिथे ड्राइव्ह नेला. रेघा सावकाश मागे सरकत होत्या. छोटा स्क्रू पाव फेरा फिरवला, थांबल्या. डेव्ह डनफील्ड यांचा इमेजडिस्क नावाचा डॉसचा प्रोग्रामही वेग दाखवतो, पण डोळ्यांनी बघण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

आता रद्दीतल्या फ्लॉप्या लिहिल्या जात होत्या, वाचल्या जात होत्या. तरीही बाबांच्या फ्लॉपीला हात लावण्याआधी तिच्या कडेच्या खाचेवर चांदीच्या कागदाची पट्टी चिकटवली. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद. पारदर्शक चिकटपट्टी चालत नाही, कारण काही ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतात आणि त्यांना ती उघडीच दिसते. मग फ्लॉपी हाताने हळूहळू फिरवत, टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाहिली. सहापैकी तीन स्वच्छ, तिन्हींवर पांढरे ठिपके. स्वच्छ तीन आधी.

वाचल्या, पण अडखळत. एक सेक्टर पाच वेळा नाही म्हणायचा, सहाव्यांदा यायचा. आणि तिन्ही फ्लॉप्या एकाच तऱ्हेने अडखळत होत्या. फ्लॉपी खराब झाली तर प्रत्येक वेगळ्या ठिकाणी खराब होते. तिन्ही सारख्याच बिघडल्या असतील, तर त्या बिघडलेल्या नाहीत, लिहिणारा वेगळा होता. काकांच्या ऑफिसातल्या ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं असणार. फ्लॉपीच्या एका बाजूला ४० ट्रॅक, दोन ट्रॅकमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. हेड त्यातला थोडासा भाग जरी चुकलं तरी आपण लिहिलेलं आपल्याला वाचता येतं, दुसऱ्याला येत नाही. फौजेतल्या काही साहेबांच्या हस्ताक्षरासारखं.

तेव्हा मी ठीक असलेला ड्राइव्ह बिघडवला. म्हणजे एक दुसरा, बळी द्यायला घेतलेला. स्टेपर मोटरची मूळ जागा आधी बारीक पेनाने आखून ठेवली, स्क्रू ढिले केले आणि मोटर केसभर फिरवली. इमेजडिस्कमध्ये एक चाचणी आहे, ती एकच ट्रॅक सतत वाचत राहते आणि किती सेक्टर सापडले ते सांगते. नऊपैकी चार, पाच, सात. मग पुन्हा पाच, म्हणजे पुढे गेलो. मागे. नऊ. तिथे स्क्रू आवळले. तिन्ही फ्लॉप्या पहिल्या झटक्यात उतरल्या, प्रत्येकी ३,६८,६४० बाइट. रात्रीचे दोन वाजले होते, सांगायला कोणी जागं नव्हतं.

बुरशीच्या दोघींचं प्लॅस्टिकचं पाकीट एका कडेने कापलं, चकती काढली, डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ बोटांनी धुतली, साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढून सावलीत सुकवली. मग रद्दीतल्या फ्लॉपीच्या रिकाम्या पाकिटात घालून वाचली. प्रत्येक वाचनानंतर हेड पुसलं. एक पूर्ण आली, दुसरीतले अकरा सेक्टर गेले.

ती दुसरी म्हणजे एक नंबर, मी खरवडलेली. ओरखडा सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर होता, शून्य नंबरच्या. डॉस आपलं अनुक्रमाणिकेचं सगळं काम तिथेच ठेवतं: कोणती फाइल, तिचे तुकडे कुठे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, पानं शाबूत. तिला डॉसमधून वाचता येत नाही, पण सेक्टरमागून सेक्टर कच्चे उतरवता येतात. ३६० केबीवर डॉस दोन-दोन सेक्टरांचे, १,०२४ बाइटांचे गठ्ठे करतं. रिकाम्या फ्लॉपीवर लिहिलेली फाइल बहुधा सलग असते. काही ठिकाणी ती नव्हती, तिथे वाक्य कुठे तुटतं आणि कुठे जुळतं ते पाहून मी गठ्ठे लावले.

पण वाक्य वाचायचं कसं? पडद्यावर मराठी नव्हतीच, नुसत्या रेघा आणि कोपरे. जिस्ट कार्ड आधी आयआयटी कानपूरच्या आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकच्या कामातून आलेलं. त्यात मजकूर इस्की या सांकेतिक पद्धतीने साठवला जाई, आणि साध्या डॉसमध्ये त्याच क्रमांकांवर चौकटी आखायच्या खुणा आहेत. क चा क्रमांक १७९, तिथे डॉस उभी रेघ काढतं. द चा १९६, तिथे आडवी. काना म्हणजे एक कोपरा. आठवडाभर पाहिल्यावर मला ‘काका’ हा शब्द तसाच ओळखू यायला लागला, उभी रेघ-कोपरा, उभी रेघ-कोपरा. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली असल्यामुळे पुढचं रूपांतर म्हणजे एक कोष्टक, माझ्या पुतणीने ते एका दुपारी लिहून दिलं.

सहावी फ्लॉपी अजून तशीच आहे. तिचा लेप पाकिटाच्या आतल्या अस्तराला चिकटलाय, ओढला तर निघून येईल. ती सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे. ग्रीसवीझल नावाचा एक बोर्ड मागवलाय. तो सेक्टर शोधत बसत नाही, हेडखालून जाणारा चुंबकीय बदल जसाच्या तसा टिपून ठेवतो आणि अर्थ नंतर लावू देतो. एकदाच फिरवायची संधी मिळणार असेल तर ती अशा टिपणाऱ्यावर खर्च करावी. तो आला की पुढचा भाग.

मागच्या रविवारी आईला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. बाबांनी लिहिलंय की भिलाईत उतरल्यावर पहिल्या रात्री आईने स्टोव्हवर खिचडी केली. आईने मला तिथेच थांबवलं. म्हणाली, “खिचडी कुठली? रॉकेल मिळालंच नव्हतं. चिवडा खाऊन झोपलो. तुझ्या काकांनी टाइप करताना चूक केली असेल.”