मुदत देणारे टपाल

१९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले, तेव्हा देशोदेशींचा पत्रव्यवहारही त्यांच्यामागोमाग त्या आडगावी येऊ लागला; परंतु बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी असलेल्या नामसादृश्यामुळे टपालाचा वारंवार घोटाळा होऊ लागल्याने १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. पत्ता निःसंदिग्ध असावा, हा नियम इमेललाही लागू आहे. पण तेथे त्याहून बिकट प्रश्न असा, की पत्ता अचूक असूनही त्या ठिकाणचा संगणक त्या वेळी इंटरनेटला जोडलेलाच नसेल, तर पत्राने जावे कोठे?

इमेलच्या वहनाची नियमसंहिता १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी सिद्ध केली, आणि समोरचा संगणक बंद असणे ही नित्याची बाब होय, हे तीत गृहीतच धरलेले आहे. संपूर्ण मजकूर घेऊन झाल्यावर प्राप्तकर्त्या सर्व्हरने '२५०' हा आकडा उत्तरादाखल धाडला, म्हणजे पत्राची पोच मिळाली, आणि त्या क्षणापासून ते मुक्कामी नेण्याची, अथवा नेता न आल्यास प्रेषकाला तशी वर्दी देण्याची जबाबदारी त्या सर्व्हरवर येते. पाचने सुरू होणारा आकडा हा कायमचा नकार. पण चारने सुरू होणारा आकडा आला किंवा काहीच उत्तर मिळाले नाही, तर पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न केला जातो. हा तगादा किमान चार-पाच दिवस चालू ठेवावा, असा आजचा संकेत आहे. तेवढ्यातही दाद लागली नाही, तरच पत्र कारणासह परत जाते.

आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या शाळेची लाइन आठवडाभर बंद राहिली, तर ही मुदतही अपुरी पडते. अशा वेळी सदैव जागा असणारा दुसरा सर्व्हर पत्त्याच्या नोंदीत पर्यायी म्हणून लिहून ठेवता येतो आणि हवी तितकी मुदत टपाल सांभाळण्याचे काम त्याच्याकडे सोपविता येते; लाइन सुरू होताच शाळेचा संगणक 'ईटीआरएन' या १९९६ सालच्या आज्ञेने साठलेले टपाल मागवून घेतो. एकेकट्या माणसासाठी 'पॉप' ही पद्धत आहे; पोस्टात जाऊन आपली पत्रे घेऊन यावीत, तशी तीत आपणच आपल्या पेटीतून पत्रे उतरवून घ्यावयाची.

भारतात इमेलचा आरंभ अशाच अधूनमधूनच्या जोडणीवर झाला. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची उभारणी १९८६ साली सुरू झाली, आणि १९८७ साली मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी या संस्थांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून इमेलची देवघेव होऊ लागली. त्या काळच्या 'यूयूसीपी' पद्धतीत एका संगणकाने दुसऱ्यास फोन लावावा, दोहोंनी परस्परांचे साठलेले टपाल हवाली करावे आणि फोन ठेवून द्यावा, एवढाच व्यवहार असे. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

ज्याची लाइन तुटते त्याचेही टपाल त्याच्या हक्काचे आहे, हे या योजकांनी मानले होते. आज शेतकऱ्याचा अर्धा भरलेला ऑनलाइन अर्ज लाइन तुटताच नाहीसा होतो, तेव्हा सामर्थ्य वाढूनही ही जाणीव क्षीण झाली, असेच म्हणावे लागते. तालुक्याच्या माणसासाठी संगणकीय सेवा उभारणाऱ्यांनी अर्ज राखून ठेवावा, पुनःपुन्हा पाठवावा आणि दाखल झाल्यावर पोच द्यावी. चाळीस वर्षांपूर्वी साधलेली ही गोष्ट आज अशक्य नाही.