किशोरवयीन वाचक आणि आभासी वास्तवाची कादंबरी : ‘रेडी प्लेअर वन’च्या संदर्भात

प्रास्ताविक :
विज्ञान कादंबरीचे मूल्यमापन बहुधा प्रौढ समीक्षक करतात. ती आवडीने वाचणारा किशोरवयीन वाचक मात्र या चर्चेत क्वचितच बोलताना दिसतो. त्याचे मत केवळ ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ एवढ्याच पातळीचे आहे असे मानून ते बाजूला ठेवले जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकन लेखक अर्नेस्ट क्लाइन यांच्या ‘रेडी प्लेअर वन’ (२०११) या कादंबरीविषयी किशोरवयीन वाचकांकडून वारंवार मांडल्या जाणाऱ्या मतांचे स्वरूप आणि त्यामागील वाचनप्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कादंबरीचे स्वरूप :
कादंबरीचा काळ एकविसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातील आहे. ऊर्जाटंचाई व दारिद्र्य यांनी ग्रासलेले लोक ‘ओअ‍ॅसिस’ नावाच्या आभासी विश्वात आश्रय घेतात. शिक्षण, व्यवसाय, मैत्री हे सारे तेथेच घडते. या विश्वाचा निर्माता जेम्स हॅलिडे मृत्यूपूर्वी त्यात एक गुपित दडवून ठेवतो. जो ते शोधील, त्याला हॅलिडेची संपत्ती व ओअ‍ॅसिसचे नियंत्रण मिळणार असते. ओक्लाहोमा सिटीत एकावर एक रचलेल्या फिरत्या घरांच्या वस्तीत राहणारा वेड वॉट्स हा अनाथ मुलगा या शोधात उतरतो. त्याची गाठ एका बलाढ्य कंपनीशी पडते.

ही कादंबरी मुळात प्रौढांसाठी प्रकाशित झाली. तथापि २०१२ साली तिला अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या युवा सेवा विभागाचा ‘अ‍ॅलेक्स पुरस्कार’ मिळाला. प्रौढांसाठी लिहिलेल्या, परंतु १२ ते १८ वयोगटाला विशेष भावतील अशा दहा पुस्तकांना तो दरवर्षी दिला जातो. बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्गारेट अलेक्झांडर एडवर्ड्स यांच्या स्नेहीजनांतील नावावरून या पुरस्काराचे नामकरण झाले आहे. ही निवड प्रौढ ग्रंथपाल करतात. त्यामुळे स्वतः किशोरवयीन वाचकांना काय वाटते, हा प्रश्न स्वतंत्रपणे शिल्लक राहतो.

सैद्धान्तिक आधार :
लुईस रोझेनब्लाट यांनी ‘लिटरेचर अ‍ॅज एक्सप्लोरेशन’ (१९३८) या ग्रंथात, साहित्याचा अर्थ केवळ संहितेत नसून वाचक व संहिता यांच्या परस्परव्यवहारातून तो सिद्ध होतो, असे प्रतिपादन केले. पुढे जे. ए. अ‍ॅपलयार्ड यांनी ‘बिकमिंग अ रीडर’ या ग्रंथात वाचकाच्या विकासाच्या पाच भूमिका सांगितल्या. त्यांपैकी किशोरवयीन वाचकाची भूमिका ‘विचार करणारा वाचक’ अशी आहे. हा वाचक पुस्तकाबद्दल बोलताना प्रामुख्याने तीन गोष्टी सांगतो : पात्राशी झालेली समरसता, कथेची वास्तवता आणि कथेने विचारास दिलेली चालना. प्रस्तुत कादंबरीवरील मते याच तीन सूत्रांनी पाहता येतात.

१) समरसता :
वेडचे एकाकीपण, घरातील उपेक्षा आणि आभासी विश्वात मिळणारी प्रतिष्ठा यांच्याशी अनेक कुमारवाचक सहज एकरूप होतात. कोड्यांची मालिका व वेगवान कथानक यांचीही प्रशंसा होते. परंतु समरसतेला मर्यादाही पडते. ती १९८० च्या दशकातील चित्रपट, गाणी व व्हिडिओ गेम यांच्या दीर्घ उल्लेखांमुळे. काही वाचकांना हे उल्लेख शोधून पाहण्याची गोडी लागते, तर काहींना त्या केवळ याद्या वाटतात. लेखकाचा जन्म १९७२ चा आहे, म्हणजे ही स्मरणरंजकता लेखकाच्या पिढीची आहे. एकविसाव्या शतकात जन्मलेल्या वाचकाने ‘हे आमचे नाही’ असे म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण नसून अचूक निरीक्षण आहे.

२) वास्तवता :
किशोरवयीन वाचक तंत्रज्ञान शक्य आहे काय, यापेक्षा माणसे खरी वाटतात काय, हे अधिक कठोरपणे तपासतो. वेडची मावशी व शेजारी स्फोटात मारले जातात, तरी त्याचे दुःख फार काळ टिकत नाही, हा आक्षेप याच दृष्टीतून येतो. आर्टेमिसने संबंध तोडल्यावरही वेड तिला निरोप पाठवत राहतो. लेखकाने हे प्रेम म्हणून रंगविले असले, तरी अनेक मुलींना ते त्रासदायक वाटते. एच हे पात्र आभासी विश्वात गोरा तरुण म्हणून वावरते, प्रत्यक्षात ती कृष्णवर्णीय मुलगी असते. या रहस्यभेदाचे काही वाचक स्वागत करतात. इतरांच्या मते तिच्या वाट्याला अधिक पृष्ठे यावयास हवी होती.

३) विचारप्रवृत्ती :
अशा कादंबऱ्या मुलांना वास्तवापासून दूर नेतात, अशी शंका पालक व शिक्षक व्यक्त करतात. वस्तुतः कादंबरीचा शेवट वास्तवाचीच बाजू घेतो. आयुष्यभर वास्तवापासून लपल्याची खंत हॅलिडेची प्रतिमा वेडजवळ व्यक्त करते, आणि ओअ‍ॅसिस कायमचे नष्ट करणारी कळही त्याच्या हाती सोपविली जाते. येथे चिकित्सक वाचक एक मार्मिक प्रश्न विचारतो. नायकाला मित्र, प्रेम, संपत्ती हे सर्व आभासी विश्वामुळेच मिळाले असेल, तर त्याच विश्वापासून सावध राहण्याचा उपदेश कितपत पटणारा आहे? २०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात आठवड्यातून दोन दिवस ओअ‍ॅसिस बंद ठेवण्याचा तोडगा दाखविला गेला. कादंबरीत असे उत्तर नाही. म्हणूनच ती वर्गातील चर्चेस अधिक उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, किशोरवयीन वाचकाचे मत अपरिपक्व समीक्षा नव्हे, तर वाचनाच्या एका विशिष्ट अवस्थेतील गंभीर प्रतिसाद आहे. पडद्यासमोर वाढलेल्या या पिढीला आभासी विश्वाचे आकर्षण व त्याची किंमत या दोन्ही गोष्टी अनुभवाने ठाऊक आहेत. त्या विषयावरील कादंबरीचा विचार करताना तिला केवळ सावधगिरीचा उपदेश देणे पुरेसे नाही. ‘वेडने ती कळ दाबावी काय, आणि का?’ असा प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेणे हे शिक्षक व ग्रंथपाल यांचे कार्य आहे. मत मांडण्याची संधी मिळालेला वाचकच पुढे जाणता वाचक होतो.