वडिलांच्या चाकरीचा वारसा

कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या गावांतून कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत चाकरीस जात आला. 2011 च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर 1,000 पुरुषांमागे 1,100 हून अधिक स्त्रिया आढळल्या, त्याचे एक मोठे कारण हे स्थलांतरच होय. अशा घरातील मुलाला बापाचे काम दिसत नसे. दिसे ती मनिऑर्डर, आणि कानी पडत ते गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या चाकरमान्याने साहेबाविषयी अथवा मुकादमाविषयी काढलेले बोल. कामाविषयीचा मुलाचा पहिला ग्रह त्या बोलांतूनच घडे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी 1969 सालच्या ग्रंथात दाखविले, की ज्या पित्याला कामात स्वतःच्या निर्णयास वाव असतो तो मुलांतही स्वतंत्र बुद्धीचे मोल जाणतो, आणि ज्याच्यावर अहोरात्र देखरेख असते तो आज्ञाधारकपणालाच सद्गुण मानू लागतो. 1989 साली रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या 34 जोड्या तपासून, कामातील समाधानाच्या तफावतीचा सुमारे 30 टक्के भाग आनुवंशिक असावा, असा निष्कर्ष काढला. म्हणजे स्वभावाचा काही अंश रक्तातून येतो. परंतु उरलेला मोठा भाग अनुभवाचा, आणि त्यातच घरही येते, कामाची जागाही.

घराच्या या वाट्याचे एक उदाहरण मंडणगडातच आहे. तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या लष्कराने त्यांना विद्या आणि हुद्दा दिला त्याच्या भरतीचे दरवाजे पुढे महार समाजाला बंद झाले, तरी विद्येवरची रामजींची निष्ठा ढळली नाही आणि मुलांच्या अभ्यासाची काळजी त्यांनी अखेरपर्यंत वाहिली. 1913 च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. त्याच वर्षी पुत्र कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला, 1918 साली सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि 1945 साली त्याने पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. या कर्तृत्वाचे सारे श्रेय पित्याच्या पेशाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण अध्यापन हे प्रतिष्ठेचे कार्य आहे ही जाणीव त्या घरात आधीपासून नांदत होती, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

याच्या उलट बाजूही कोकणाने सोसली आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही. उमेदीची वर्षे ज्या साच्यांपाशी वेचली तेथून बाप रिक्त हस्ताने परतलेला ज्या मुलाने पाहिला, त्याला इमानाने काम करण्याचा उपदेश पटवून देणे सोपे नव्हते.

म्हणून मालकांनी आणि सरकारने हे ध्यानी घ्यावे, की कामगाराला दिलेला सन्मान अथवा केलेली अवहेलना एका पिढीपुरती राहत नाही. आणि आईबापांनीही मुलांपाशी केवळ पगाराचा आकडा आणि कामाचा शीण न सांगता, आपल्या कामातून कोणाचे काय भले होते हेही आवर्जून सांगावे.