लहानग्यांच्या मालिका आणि पालकांचे मत

पालकसभेत तरुण आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, लहान मुलांना टीव्हीवर काय दाखवावे?" उत्तर देण्यापूर्वी मी त्यांनाच विचारतो, आपले मूल रोज जी मालिका पाहते तिचा एक तरी भाग आपण शेजारी बसून पाहिला आहे काय? बहुधा सभेत शांतता पसरते. यात त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पुण्यात दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावाकडे, अशा घरात स्वयंपाक उरकेपर्यंत कार्टून लावून देणे हा पुष्कळदा एकमेव उपाय असतो.

एका आईने मात्र विचार करण्याजोगे मत मांडले. तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या आवडत्या मालिकेत मारामारी नाही, अपशब्द नाहीत. तरी ती बंद केली की पुढचा अर्धा तास तो कोणाचेच ऐकत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाशी जुळणारे एक संशोधन 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँजेलिन लिलार्ड व जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने 'स्पंजबॉब' हे वेगवान कार्टून ९ मिनिटे पाहिले, दुसऱ्याने संथ गतीचे 'कायू' पाहिले, तिसऱ्याने चित्रे काढली. नंतर मुलांना काही सोपी कामे दिली : डोक्याला हात लाव म्हटले की पायाला लावायचा, समोरचा खाऊ लगेच न खाता थांबायचे. वेगवान कार्टून पाहिलेली मुले या कामांत मागे पडली. त्या कार्टूनमधील दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होते, 'कायू'मधील ३४ सेकंदांनी. चाचणी कार्यक्रम संपताच घेतलेली असल्यामुळे हा परिणाम किती काळ टिकतो हे त्यातून ठरत नाही. परंतु त्या आईचे निरीक्षण भलतेसलते नव्हते, एवढे निश्चित. आशयाइतकीच गतीही पाहावयास हवी, आणि ती पाहण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मनातल्या मनात अंक मोजले तरी पुरते.

दुसरी बाब भाषेची. आपल्या घरांत मराठी बोलली जाते. पण मुलांच्या तोंडी कार्टूनमधील हिंदी वाक्ये असतात आणि पालकांना त्याचे कौतुकही वाटते. मूल एक भाषा फुकटात शिकले, असा समज होतो. तान्ह्या मुलांपुरता तरी हा समज खरा नाही. सिअॅटल येथील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा १२ वेळा ऐकवण्यात आली. समोर बसून गोष्टी सांगणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतील ध्वनींचे भेद आत्मसात केले. तीच माणसे, तेच शब्द पडद्यावरून ऐकणाऱ्या बाळांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. पडदा बाळाकडे पाहत नाही, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही. चांगल्या बालमालिकांनी ही उणीव थोडीशी भरून काढली आहे. १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज'मधील निवेदक प्रश्न विचारून चक्क थांबत असे, मुलाला बोलण्यास वेळ देत असे. आपल्याकडे २००६ मध्ये आलेल्या 'गली गली सिम सिम'मधील चमकी शाळेत जाणारी, प्रश्न विचारणारी मुलगी होती. शेजारी आई किंवा आजी असेल आणि तीही उत्तर देत असेल, तर त्या अर्ध्या तासाचे मोल बदलते.

आता पालकांच्या मताला काही किंमत आहे का, हे पाहू. 'शिन-चॅन' ही जपानी मालिका 'हंगामा' वाहिनीवर २००६ पासून दाखवली जाऊ लागली. वडीलधाऱ्यांना उलट उत्तरे देणारा, चारचौघांत अंगावरचे कपडे उतरवणारा हा पाच वर्षांचा मुलगा पाहून पालकांनी तक्रारी केल्या; २००८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिका थांबवली आणि पुढील वर्षी ती काटछाट होऊन परतली. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की, योशितो उसुई यांची मूळ चित्रकथा १९९० मध्ये प्रौढांच्या नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली होती. हलती चित्रे म्हणजे मुलांचाच कार्यक्रम, हा आपला जुना गैरसमज. जून २०११ मध्ये तर वाहिन्यांच्या संघटनेने प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र परिषदच स्थापन केली. म्हणजे वाईटाविरुद्ध तक्रार करण्यास दार आहे. चांगले मागण्यास मात्र तसे दार नाही, आणि आपणही ते शोधलेले नाही.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सेनापती बापट मार्गावर, 'बालभारती'च्या परिसरात, २७ जानेवारी १९८४ रोजी 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक योजनेतून सहा राज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या, महाराष्ट्राची पुण्यात. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी, मराठीत, जाहिरातींविना, असे हजारो कार्यक्रम तिने तयार केले व दूरदर्शनने ते दाखवले. आज चाळिशीत असलेल्या अनेक पालकांनी शाळेच्या टीव्हीसमोर मांडी घालून ते पाहिले असतील. ते सगळेच रंजक होते असे मी म्हणणार नाही; काही तर फळ्यावरचा धडाच होते. परंतु त्यांतील मुले आपल्यासारखी बोलत, आपल्यासारख्या घरांत राहत. केंद्राचे अनुदान थांबल्यावर संस्थेची ओढाताण झाली, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये शासनाने ती बंद केली. बातम्या आल्या, कर्मचारी बोलले. पालकांचा आवाज मात्र फारसा ऐकू आला नाही. 'शिन-चॅन'विरुद्ध बोलणारे आपणच होतो ना?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय निवडला होता. केवळ बंदी घालून भागणार नाही, उत्तम साहित्य व कला मुलांसमोर आली तर निवड करण्याची दृष्टी त्यांना येते, असा त्यांच्या संदेशाचा आशय होता.

घरापुरते सांगायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मर्यादा सोपी आहे : दोन वर्षांखालील वयात पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षे वयात दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी असल्यास उत्तम. घराबाहेर करण्याजोगे एक काम आहे. दूरदर्शनची 'सह्याद्री' ही मराठी वाहिनी सार्वजनिक आहे, आपल्या करातून चालते. शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी रोज अर्धा तास मराठी कार्यक्रम हवा, अशी मागणी पालकसंघ तिच्याकडे लेखी करू शकतात. पत्रात मुलाचे वय, त्याची पाहण्याची वेळ आणि आपल्याला आवडलेल्या एखाद्या मालिकेचे नाव अवश्य लिहावे.